सर्पराणीचा आवाज

एकलहऱ्याच्या आमच्या क्वार्टरमध्ये शांतता अशी कधी नसायचीच. वीज केंद्राची घरघर रात्रंदिवस चालू असायची, आणि तिची आम्हाला इतकी सवय झाली होती की पाहुण्यांनी "हा कसला आवाज येतोय?" असं विचारलं की आम्हीच बावचळून "कसला?" म्हणायचो. मालगाडीच्या कोळशाच्या वाघिणी एकमेकींवर आदळायच्या, पाळी बदलली की भोंगा व्हायचा, आणि या सगळ्यावर मात करून चालायचा तो आईचा आवाज. आई ओट्याशी उभं राहून दोन क्वार्टर पलीकडच्या शांतामावशीशी बोलायची. मधल्या घरातल्या बाईलाही त्यात भाग घ्यायला हरकत नसायची. विषय काहीही असे. कुरडया घालायच्या दिवसांत तर पहाटेपासून हाका सुरू व्हायच्या, कारण वाळवण टाकलं की त्यावर चिमण्यांपेक्षा राख जास्त उतरायची. आई जुनी सुती साडी पसरून कुरडया झाकायची आणि केंद्राच्या धुराड्याकडे तोंड करून म्हणायची, "थांब गं बाई जरा, दोन दिस तरी तोंड मिट." अण्णा तिथेच कोळसा विभागात नोकरीला होते. ते म्हणायचे, "वरच्या साहेबांना सांगतो, आमच्या घरच्यांनी केंद्र बंद ठेवायला सांगितलंय."

अण्णांना नोकरी लागली तेव्हा आई सिन्नरकडच्या आपल्या गावातून इथे आली. कॉलनीत येऊन तिची भांडी बदलली, चूल जाऊन गॅस आला, पण बोलणं काही बदललं नाही. ती 'हाय' म्हणायची, 'लय' म्हणायची, आणि रागावली की शब्द असे लांबवायची की समोरचा आधीच गार पडायचा. तिला नकला यायच्या. विहारात जयंतीला महिला मंडळाची नाटुकली व्हायची, त्यात सावकार, तलाठी, सासू, भट, जे कुणी खडूस असेल ते आई करायची. पांढरी साडी, डोळ्यांत खोटा राग, आणि समोर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसताहेत, असं तिचं चित्र मला अजून दिसतं. लोक हसले की ती फुलायची. मला आवाज काढता येतात ते तिच्याकडून आलेलं आहे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

दहावीनंतर मला नाशिकच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मार्क चांगले होते, अण्णांनी सगळ्या पाळीला पेढे वाटले होते. सकाळच्या बसने निघायचं, नाशिकरोडला उतरून दुसरी बस धरायची. या दोन बसच्या मध्ये कुठेतरी माझी भाषा बदलायची. घरातून निघताना मी आईला "येते गं, डबा घेतला हाय" म्हणून निघायचे आणि कॉलेजच्या फाटकात शिरताना "अगं, मी डबा आणलाय" म्हणायचे. याचा कुणी धडा दिला नव्हता. पहिल्याच आठवड्यात वर्गात मी "पानी" म्हणाले आणि मागच्या बाकावरून कुणीतरी तो शब्द हळूच पुन्हा म्हणून दाखवला, तेवढं पुरलं. मी हुशार मुलगी होते. मी लवकर शिकले.

चिन्मय, त्याची मावसबहीण ऋचा आणि रोहन ही माझी मित्रमंडळी. तिघंही कॉलेज रोडच्या आसपासची. चिन्मयचा मोठा भाऊ अमेरिकेत शिकत होता, तो सुट्टीत येताना एक जाडजूड पुस्तक आणि चित्रविचित्र फासे घेऊन आला. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, आणि डाळिंबाच्या दाण्यासारखा चकाकणारा वीस बाजूंचा. तो खेळ आता सगळ्यांना माहीत आहे, माझी मुलगी कानाला हेडफोन लावून चार देशांतल्या मुलांबरोबर खेळते. आम्हाला मात्र तो आकाशातून पडल्यासारखा वाटला. खेळात सोंगट्या पुढे सरकवून जिंकायचं नसतं. एकाने योद्धा व्हायचं, एकाने जादूगार, एकाने चोर, आणि सगळ्यांनी मिळून तोंडाने गोष्ट रचायची. वार केला तर लागला की नाही ते फासा ठरवतो. आणि एकाने 'मास्तर' व्हायचं. मास्तर म्हणजे बाकी सगळं जग: पाऊस, दुकानदार, राजे, राक्षस, भुतं. हे जाड पुस्तक वाचायचं कोणी, यावर पोरांची तोंडं वाकडी झाली. मला जातायेता बसमध्ये भरपूर वेळ होता. मी ते सगळं वाचून काढलं आणि मास्तर झाले. मुलगी असून मला ते "मास्तर" अशीच हाक मारायचे, आणि खरं सांगायचं तर ती हाक ऐकायला मी आठवडाभर वाट बघायचे.

रविवारी दुपारी बहुतेक वेळा चिन्मयच्या घरी डाव बसायचा. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काच होती, तिच्यावर मी आलेखाच्या कागदावर काढलेला नकाशा पसरायचे. नायकांसाठी शर्टाची बटणं, शत्रूंसाठी चिंचोके. चिन्मयची आई साबुदाण्याची खिचडी करायची, वर ओलं खोबरं, आणि प्रत्येकाला वेगळा चमचा. ती फार मृदू बोलायची. "सुजाता, तुला अजून हवी आहे का गं?" त्या वाक्यातला 'आहे' मला संगमरवरी वाटायचा. मी घरी येऊन आईला सांगितलं की त्यांच्याकडे खिचडीत मिरची तुकडे करून घालतात, वाटून नाही. आई म्हणाली, "मंग तिखट कुठं लागत आसंल?" मला तिचा राग आला.

पुस्तकात राक्षसांची लांबच लांब यादी होती. त्यात सापासारखी माणसं होती, त्यांना आम्ही 'सर्पजन' म्हणायला लागलो. कंबरेखाली साप, वर माणूस; काहींचं नुसतं डोकं सापाचं. त्यांचं एके काळी मोठं राज्य होतं, ते बुडालं, आणि आता ते जुन्या लेण्यांत लपून राहतात, वेष पालटून माणसांच्या शहरात शिरतात, कुणाच्या घरी स्वयंपाकी म्हणून, कुणाच्या दरबारात कारकून म्हणून, आणि आतून सगळं पोखरतात, असं त्यांचं वर्णन होतं. थंड रक्ताचे, कपटी, विषारी. मी वर्षभराच्या आमच्या गोष्टीसाठी तेच शत्रू निवडले. मला ते आवडले होते. लेणी कशी असतात ते मला कुणी सांगायला नको होतं, दर वर्षी आम्ही कॉलनीतून ट्रकने त्रिरश्मीच्या डोंगरावरच्या बुद्धलेण्यांत जायचो. मी ते दगडी खांब, ती गार अंधारी दालनं, ते पाण्याचं टाकं जसंच्या तसं सर्पजनांना देऊन टाकला. आता वाटतं, त्या पुस्तकातली ती वाक्यं वाचताना मला काहीच कसं टोचलं नाही? वेष पालटून दुसऱ्यांच्या घरात शिरणाऱ्यांची गोष्ट मी नाशिकरोडच्या बसमध्ये बसून वाचत होते.

सर्पजनांची एक राणी होती. ती पहिल्यांदा समोर आली तेव्हा मी तिला फुत्कारत बोलायला लावलं, "स्स्स, मानवांनो" वगैरे. रोहन म्हणाला, "मास्तर, ही राणी आहे की पंक्चर झालेली सायकल?" सगळे हसले. माझे कान तापले. आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडून वेगळाच आवाज निघाला, मी ठरवलाही नव्हता. "का रं पोरांनो, लय लांबून आले जनू. बसा की. पानी प्या आदी, मंग बोलू." शब्द लांबवलेले, खालच्या पट्टीतले, गोड आणि गार. मग ऋचाने अंगावर काटा आल्यासारखे दंड चोळले आणि चिन्मय ओरडला, "बाप रे, हे भारी आहे!" ते पाणी प्यायलेला गोष्टीतला त्यांचा वाटाड्या तिथल्या तिथे मेला, आणि राणी आमच्या खेळाची सम्राज्ञी झाली.

त्यानंतर तिच्याशिवाय डाव रंगेना. पोरं कॉलेजच्या कट्ट्यावर एकमेकांना "पानी प्या आदी" म्हणायची. मी तिला आणखी सजवत गेले. कंबरेवर हात, बोलता बोलता पदर सारखा करणं, "आगं बाई" म्हणून टाळी. बाथरूममध्ये बादलीत नळ सोडून मी तिचे संवाद घोकायचे. मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि माहीत होतं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही. तो आवाज कुणाचा, हा प्रश्न माझ्याजवळ यायचा आणि मी नळ थोडा मोठा करायचे.

मग एक दिवस ऋचा म्हणाली, "सगळ्यांच्या घरी झालं, तुझ्याकडेच राहिलंय. राणीशी शेवटची लढाई तुझ्याकडे करूया ना." मला नाही म्हणायला कारण सुचेना. घरी येऊन मी हे इतक्या पडलेल्या आवाजात सांगितलं की अण्णांनी विचारलं, "कोन आजारी हाय का?" आई मात्र हरखली. इतकी हरखली की मला त्याचं नवल वाटलं. तिने लगेच रवा आणवला, लाडू वळले, बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्यांना धुतलेल्या खोळी घातल्या. मी म्हणाले, "रविवारी बोंबील नको करू हां आई. वास येतो." तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे काय, मी येडी हाय का?" मग मी आणखी धीर करून विचारलं, "तुमच्या मंडळाची मीटिंग असती ना रविवारी दुपारी?" ती म्हणाली, "आसंना. तुझे दोस्त पयल्यांदा येनार, आन् मी घरात नाय? बरं दिसंल का ते?"

ते आले. उन्हातून, बसने, चेहरे लाल झालेले. मी दारातच त्यांना बडबडीने घेरलं, खोलीत सतरंजीवर बसवलं, नकाशा पसरला, बटणं मांडली. आई आतच राहावी म्हणून मी स्वतःच पाणी आणलं. भज्यांचा वास यायला लागला. तेवढ्यात परातीत भजी, कुरडया आणि लाडू घेऊन आई आली, घडीची निळी साडी नेसलेली, आणि म्हणाली, "या या. ऊन लय हाय ना बाहेर? आमची सुजी लय सांगती तुमचं. बसा की नीट. पानी प्यालं का आदी?"

रोहनने ऋचाकडे पाहिलं. ऋचाने ओठ दातांत धरला. चिन्मयचं मात्र तसं नव्हतं, त्याच्या पोटात काही राहायचं नाही. तो आनंदाने ओरडला, "अगं, राणी! काकू, तुम्ही अगदी आमच्या सर्पराणीसारखं बोलता!"

मला वाटलं आई गोंधळेल. ती गोंधळली नाही. ती मान तिरपी करून हसली आणि म्हणाली, "मंग! लेक कोनाची हाय?"

पुढचं फार भराभर झालं, आणि मला ते फार सावकाश आठवतं. पोरांनी आईला आग्रह धरला की तुम्हीच राणी व्हा. "मला तुमचं ते इंग्रजी नाय येत," ती म्हणाली, पण म्हणता म्हणता पदराला हात पुसत बसलीसुद्धा. "मराठीतच खेळतो हो काकू. आम्ही तुमच्या दरबारात आलोय. तुम्ही फक्त बोलायचं," चिन्मय म्हणाला. मी म्हणाले, "राहू दे रे, तिला काम आहे." आई म्हणाली, "काय काम हाय? भजी झाली की." तिने पाठ ताठ केली, पदर डोक्यावर घेतला, एक हात गुडघ्यावर ठेवला. विहारातल्या नाटुकल्यात ती अशीच बसायची. ती राणीच दिसत होती, यात काही शंका नाही.

"बोला पोरांनो," ती म्हणाली. "कुठून आले एवढ्या लांबून? दमले आसाल. बसा. पानी प्या आदी, मंग बोलू."

रोहन हसत हसत आडवा झाला. चिन्मय डोळे पुसत ओरडला, "पिऊ नका! विष आहे!"

"इख?" आई म्हणाली. "आगं बाई, मी कशाला इख देईन? माझ्या घरी आले ना तुम्ही?"

ते आणखीनच हसले. आणि आई फुलली. तिला वाटलं आपलं काम रंगतंय. लोक हसले की आवाज चढवायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात पुढे केला, "घाबरू नका, या जवळ, माझी सगळी लेकरं तुमच्या मदतीला देते," असं काहीतरी ती म्हणाली, शब्द लांबवत, गळ्यातून. ती मनापासून त्यांना आश्रय देत होती. आमच्या गोष्टीत राणीने वर्षभर असाच आश्रय देऊन माणसं मारली होती, त्यामुळे तिच्या प्रत्येक वाक्याला ते लोळत होते. मी हातातला कागद घट्ट धरून बसले होते. तेवढ्यात ऋचाचं हसणं थांबलं. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत सगळं कळल्याचं दिसलं. तिने नजर खाली घातली, सभ्य माणसं घालतात तशी. मला त्या दोघांचं हसणं परवडलं असतं.

"मी वार करतो!" रोहन म्हणाला आणि त्याने वीस बाजूंचा फासा टाकला.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "का गं सुजे? मारतो कशाला मला?" हे ती राणी म्हणून विचारत नव्हती, आई म्हणून विचारत होती. पण दोघींचं बोलणं एकच होतं, त्यामुळे पोरांना तोही विनोदच वाटला.

फासा पार खालच्या आकड्यावर थांबला होता. वार चुकला होता. नियमाने राणीला ओरखडाही आला नव्हता, तिच्यात अजून दुपारभर पुरेल एवढा जीव होता. मी फाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लागला. राणी मेली."

"अगं, चुकलाय तो!" चिन्मय म्हणाला. "वर्षभर थांबलो आणि एका चुकलेल्या वारात मेली?"

"मेली म्हटलं ना. मास्तर मी आहे."

हसणं थांबलं. वीज केंद्राची घरघर एकाएकी ऐकू यायला लागली. आई अजून तशीच बसली होती, एक हात पुढे केलेला. "मेली?" ती म्हणाली. "मंग आता मी काय करू?"

"काही नाही. संपलं."

"बरं," आई म्हणाली. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली.

पोरांनी भजी खाल्ली, लाडवांचं कौतुक केलं. डाव काही पुढे सरकला नाही. निघताना तिघंही आईच्या पाया पडली. आई दारात उभी राहून म्हणाली, "सावकाश जा. आता बस आहे." मी तिच्याकडे पाहिलं. 'आहे' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. तिने तो जपून उच्चारला, दुसऱ्याच्या घरची कपबशी उचलावी तसा.

ते गेल्यावर ती भांडी घासायला बसली. मी विसळायला शेजारी बसले. मग ती म्हणाली, "ती रानी वाईट व्हती व्हय गं?"

मी म्हणाले, "खेळ आहे आई. खेळात असतात तसे."

"तू मोरीत बोलायची ना ते, मी ऐकायचे. ही भिंत केवढीशी. मला वाटलं, लेकीनं रानी केली आन् तिला आईचं बोलनं दिलं." ती परात घासत होती, ती आधीच स्वच्छ झाली होती. "नागाची रानी म्हनल्यावर मला वाईट कशी वाटंल? इहारात हाय ना फोटो, भगवान बुद्धावर फना धरून बसलाय तो. पावसात भिजू नये म्हनून. मी म्हनलं, त्याच्यातलीच आसंल कोनी. शांताला पन सांगितलं मी. म्हनलं, माझ्या लेकीच्या खेळात रानी माझ्यावानी बोलती."

मला लाज वाटली. आजवर मी अनेक प्रकारे शरमले आहे, नोकरीत, लग्नात, पैशांपायी; पण त्या मोरीत बसून वाटली तशी लाज पुन्हा वाटली नाही. आई, माझं चुकलं, एवढं म्हणायचं होतं. ते कोणत्या भाषेत म्हणू ते कळेना. कॉलेजच्या भाषेत ते चिन्मयच्या आईने म्हटल्यासारखं वाटलं असतं, आणि घरच्या भाषेला तर मी दुपारीच मारून टाकलं होतं. मी परात घेऊन विसळली.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, तिचा राग आमच्या घरात दोन तासांच्या वर टिकत नसे. तिने एवढंच केलं की त्या दिवसापासून ती माझ्याशी शुद्ध बोलायला लागली. आधी फक्त कुणी आलं की, मग रोज. "सुजाता, जेवण तयार आहे." "तुला उशीर होणार आहे का?" रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखी, प्रत्येक 'ण' नीट लावून, मध्ये जरासं थांबून. अण्णा एकदा म्हणाले, "काय गं, बातम्या सांगती का?" ती हसली आणि त्यांना म्हणाली, "गप ऱ्हा, तुमाला नाय कळायचं." शांतामावशीशी ती पूर्वीसारखीच ओट्यावरून ओरडायची. मी बाहेर आले की मात्र आवाज खाली यायचा आणि वाक्यं सरळ व्हायची. तिच्या मनात माझ्याविषयी काही वाकडं नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तिला वाटलं लेकीला चारचौघांत आपल्यामुळे कमीपणा येतो, आणि लेकीसाठी तिने कष्ट घेतले. स्वेटर विणायला शिकली तशी ती हे शिकली.

मी एकदा प्रयत्न केला. परीक्षा संपल्यावर घरी बसून होते, पुन्हा डाव कधी बसलाच नाही, चिन्मय पुण्याला गेला. एका सकाळी मी ओट्याशी जाऊन आईला म्हणाले, "आई, लय भूक लागली हाय गं, काय केलंस?" मनापासून म्हणाले. पण वर्षभर त्या शब्दांना मी इतकं लांबवलं, वाकवलं होतं, की माझ्या तोंडून ते राणीसारखेच निघाले. मला स्वतःला ते ऐकू आलं. आईने माझ्याकडे वळून पाहिलं, थट्टा आहे की काय ते शोधत. मग ती म्हणाली, "पोहे आहेत. देते." त्यानंतर मी तसं बोलले नाही.

आता मी पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहे, पुण्यात राहते, एका कंपनीत हिशोब तपासते. केस रंगवायचे सोडले आहेत. माझ्या मुलीला आजीचं फार कौतुक. सुट्टीत नाशिकहून आली की म्हणते, "मम्मा, आजी तुझ्यापेक्षा शुद्ध बोलते. ती शिक्षिका होती का?" तिच्या खेळातही खलनायक असतात, परवा तिने मला विचारलं, एखाद्या भयंकर चेटकिणीला कसला आवाज देऊ. मी म्हणाले, आवाज देऊच नकोस, तिला गप्प ठेव. तिला ते बालिश वाटलं असावं. तिला ही गोष्ट सांगावी असं कितीदा मनात येतं, आणि मग आजीकडे बघायची तिची नजर बदलेल अशी भीती वाटते. की माझ्याकडे बघायची, कोण जाणे.

अण्णा गेले. आई आता नाशिकरोडला भावाकडे असते, शांतामावशीही जवळच राहायला आली आहे, दोघींचं सगळं आयुष्य बोलण्यात चाललंय. मी रोज संध्याकाळी फोन करते. कालही केला. आईने उचलला तेव्हा तिच्या खोलीत हशा चालला होता, कुणाची तरी नक्कल अर्ध्यावर आली होती. आई फोन बाजूला धरून म्हणत होती, "थांब गं शांते, आत्ता नगं, मंग सांगते पुढलं. लेकीचा फोन हाय." मी श्वास रोखून ऐकत होते. वाटलं, चुकून तरी त्याच सुरात माझ्याशी बोलेल. फोन कानाला लागल्याची खरखर झाली. तिने घसा साफ केला.

"हं, बोल सुजाता," आई म्हणाली. "मी बरी आहे. तू कशी आहेस?"